समोरच्याचा स्वभाव ओळखून कामाचा निरोप कसा द्यावा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नियोजनाचे काम पाहतो, आणि या कामाचा निम्मा भाग म्हणजे नकोशा बातम्या वेळेवर पोहोचवणे. मंगळवारी येणारी कास्टिंग (धातू ओतून केलेले कच्चे भाग) शुक्रवारी येतील, एवढे एकच वाक्य मी एकदा बैठकीत चौघांसमोर उच्चारले. कारखानाप्रमुखांनी विचारले, "डिस्पॅच हुकणार का?" क्वालिटीच्या मॅडमनी विचारले, "कोणता लॉट, किती नग?" मशीनशॉपच्या सुपरवायझरने विचारले, "मग दोन दिवस पोरांना काय काम देऊ?" आणि टूलरूमचे सर्वांत ज्येष्ठ कारागीर, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते फक्त "बघतो" म्हणाले. बातमी एकच होती, पण तिच्यात प्रत्येकाने आपापली गोष्ट शोधली.

स्वभावांचे असे गट पाडण्याची पद्धत जुनी आहे. विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1928 मध्ये माणसांच्या वागण्याची चार अंगांनी विभागणी मांडली. पुढे इतरांनी तिच्यावरून कसोट्या बनवल्या आणि आज कंपन्यांच्या प्रशिक्षणात डिस्क या नावाने जे शिकवले जाते, त्याचे मूळ तिथे आहे. कार्ल युंगने 1921 मध्ये मांडलेल्या प्रकारांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी सोळा प्रकारांची कसोटी तयार केली. ती काही आठवड्यांनी पुन्हा दिली, तर बऱ्याच जणांचा प्रकार बदललेला निघतो, कारण बहुतेक माणसे दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात आणि कसोटी मात्र त्यांना या किंवा त्या बाजूला ढकलते. म्हणूनच संशोधक हल्ली पाच गुणांच्या चढत्या-उतरत्या पट्टीला अधिक मानतात. आपल्याकडे वात, पित्त, कफ म्हणून माणूस निकालात काढण्याची सवय आधीपासून आहेच. त्यात, प्रशिक्षणात स्वभावांना रंगांची नावे देतात तशा "ते लाल प्रकारातले आहेत" या नव्या शिक्क्याची भर घालण्याचे काही कारण मला दिसत नाही. कसोट्यांतून शब्द घ्यावेत, शिक्के घेऊ नयेत.

त्याऐवजी दोन आठवडे एक साधी नोंद ठेवावी. ज्यांच्याशी रोज काम पडते अशा पाच-सहा जणांपुढे एक-एक ओळ लिहावी: नवी बातमी कळल्यावर हा माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो, मनातले खरे कुठे बोलतो (बैठकीत, फोनवर, मेलवर की चहाच्या टपरीवर), आणि उत्तर द्यायला किती वेळ घेतो. पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण आपल्या निरोपाची पहिली ओळ त्याच प्रश्नाचे उत्तर असायला हवी. बाकी मजकूर नंतर आला तरी चालतो.

त्या कास्टिंगचाच निरोप आज मला द्यायचा असता, तर कारखानाप्रमुखांना मी तीन ओळी पाठवल्या असत्या: "शुक्रवारी जाणारा माल सोमवारी जाईल. शनिवारी रात्रपाळी चालवल्यास तो रविवारी निघू शकतो. रात्रपाळीस आपली मंजुरी आज चारपर्यंत हवी." उशिराचे कारण त्यांना लागले तर ते विचारतात, आधी कारण सांगू लागलो, तर आपण सबब सांगतो आहोत असे त्यांना वाटते, आणि तिसऱ्या वाक्याला ते दुसऱ्या फोनवर गेलेले असतात.

क्वालिटीच्या मॅडमसाठी हाच निरोप लांब होतो, आणि तो लेखीच द्यावा लागतो. पुरवठादाराच्या भट्टीचे अस्तर बदलावे लागले. शुक्रवारी दुपारी 240 नग येतील, उरलेले 160 शनिवारी सकाळी. दोन्ही खेपा वेगवेगळ्या लॉटच्या आहेत. प्रत्येक लॉटच्या पहिल्या पाच नगांच्या मापांचा अहवाल मालासोबत येईल. "साधारण", "बहुधा", "लवकरच" हे शब्द त्यांच्या निरोपात घालू नयेत. पूर्वी मी घालत असे, आणि तेवढ्या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढलेला कागद माझ्या टेबलावर परत येत असे. एखादी गोष्ट ठाऊक नसेल, तर ती कधी कळेल याची वेळ द्यावी. तेवढ्याने त्यांचे समाधान होते.

सुपरवायझरकडे पाळी सुरू होण्याआधी पायांनी चालत जाणे हाच उपाय आहे. त्याला माणसांची चिंता असते, तेव्हा सहा जणांना दोन दिवस कुठे लावता येईल याचा एखादा पर्याय हातात घेऊन जावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा.

नानांच्या बाबतीत मात्र मी चुकलो, आणि ती चूक सविस्तर सांगण्यासारखी आहे. नव्या कास्टिंगसाठी फिक्श्चरमध्ये, म्हणजे मशीनवर भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीत, बदल करायचा होता. मी भर बैठकीत विचारले, "नाना, गुरुवारच्या सुट्टीआधी जमेल ना?" ते "बघतो" म्हणाले, मी होकार धरला आणि तसे कागदावर लिहून टाकले. बुधवारी संध्याकाळी फिक्श्चर होते तसेच होते. दुसऱ्या एका माणसाकडून मला कळले की त्यातल्या क्लॅम्पची (भाग आवळणाऱ्या पकडीची) जागा बदलली तर मशीनचे टूल तिच्यावर आदळेल, हे नानांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आले होते. पण ज्या तरुण अभियंत्याने ते ड्रॉइंग काढले होते तो समोरच बसलेला असताना, चारचौघांत त्याची चूक दाखवणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. चूक नानांची नव्हती. "जमेल ना?" हा प्रश्नच असा आहे की ज्येष्ठ कारागिराला त्यात आपल्या कसबावर शंका ऐकू येते, आणि नाही म्हणण्याची वाट आपणच बुजवून टाकतो.

अशा माणसाशी बोलण्याची रीत मी नंतर शिकलो. बैठकीच्या आदल्या दिवशी ड्रॉइंग त्यांच्याकडे नेऊन ठेवावे आणि काहीही न विचारता निघून यावे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारावे, "यात अडचण कुठे येईल असे वाटते?" या प्रश्नात अडचण असणार हे आपण आधीच मान्य केलेले असते, म्हणून ती सांगणे हा कोणाचा अपमान ठरत नाही. उत्तर आल्यावर तारीख त्यांनाच ठरवू द्यावी. आणि तरीही "बघतो" आलेच, तर आपल्या बाजूला त्याचा अर्थ बहुतेक वेळा "नाही" असतो हे ध्यानात ठेवून, "मग उद्या दुपारी येऊन जाऊ का?" एवढेच विचारावे.

संबोधनाचा प्रश्न मराठीत इंग्रजीपेक्षा नाजूक आहे, आणि परदेशी पुस्तकांवरून बेतलेल्या प्रशिक्षणात त्याचा उल्लेखही नसतो. खराडीच्या किंवा हिंजवडीच्या कार्यालयात इंग्रजीत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. तीच माणसे मराठीत आली की "तू" म्हणावे की "तुम्ही", यावर क्षणभर अडखळतात. अडखळलात तर "तुम्ही" निवडावे. समोरच्याने स्वतःहून "अहो, तू म्हणा" म्हटल्यावर खाली येणे सोपे असते, उलट दिशेने जाता येत नाही. कारखान्यात दादा, मामा, नाना ही हाक आपुलकीची असते, पण ती तिथल्या माणसांनी कमावलेली असते. पहिल्याच भेटीत बाहेरच्या माणसाने ती वापरली तर ती उसनी वाटते. "आपण" या शब्दाबद्दल तर विशेष सावध राहावे. "आपण हे तपासायला हवे होते" या वाक्यात चूक माझी, तुमची की दोघांची, हे सांगता येत नाही. नेमकेपणा आवडणारा माणूस त्यावर चिडतो, आणि हळवा माणूस ते स्वतःवर ओढून घेतो. काम कोणाचे आहे ते सांगायचे असेल तेव्हा "मी" किंवा "तुम्ही" म्हणावे.

पुणेरी पाटीचे कौतुक मलाही आहे, पण मेल पाटीसारखा लिहू नये. पाटीला उत्तराची अपेक्षा नसते, आपल्याला असते.

मांडणी बदलताना आकडे आणि तारखा मात्र कोणासाठीही बदलायच्या नसतात. प्रमुखांना रविवार आणि विक्रीच्या माणसाला, त्याला बरे वाटावे म्हणून, शनिवार सांगितला, तर दोघे कँटीनमध्ये एकाच टेबलावर बसतात आणि यापुढे आपल्या कोणत्याच तारखेवर कोणी विसंबत नाही. शिवाय माणूस सदासर्वकाळ एकसारखा नसतो. महिनाअखेरीस तुटक बोलणारे साहेब पाच तारखेला निवांत गप्पा मारतात, म्हणून आपली नोंद दर काही महिन्यांनी पुन्हा तपासावी. आणि त्या वहीत एक ओळ स्वतःबद्दलही लिहावी. मी पाल्हाळ लावतो हे मला सहकाऱ्यांकडूनच कळले, आणि तेव्हापासून प्रमुखांना पाठवायचा मजकूर मी लिहून झाल्यावर अर्धा कापतो.

नवा माणूस रुजू झाला की निरीक्षणाची वाट न पाहता मी सरळ विचारतो, "निरोप फोनवर दिलेला चालतो की लिहून हवा?" शहरातल्या कार्यालयातून आमच्याकडे बदलून आलेल्या एका सहकारी बाईंनी पहिल्या दिवशी "कसाही द्या" असे उत्तर दिले होते. गुरुवारी आमचा कारखाना बंद असतो हे त्यांना पहिल्याच आठवड्यात उमगले, आणि त्यांनी माझ्या टेबलापाशी येऊन दुरुस्ती केली: "कसाही द्या, फक्त बुधवारी सहानंतर नको."