कैलास-मानसरोवरला नेपाळमार्गे जाताना व्हिसा आणि खर्चाच्या या चुका टाळा

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास रावेर-यावलपासून अमळनेर-शिरपूरपर्यंत भजनी मंडळांत कैलासचा विषय निघतो. तेव्हा हातात फार दिवस उरलेले नसतात. 2025 मध्ये यात्रा पाच वर्षांनी सुरू झाली, तेव्हा सरकारी यात्रेच्या अर्जांची मुदत 13 मे रोजीच संपली. अर्ज आले 5,561 आणि निवड झाली 750 जणांची. ज्यांचा नंबर लागत नाही ते काठमांडूहून तिबेटच्या सीमेवरच्या केरुंगमार्गे खासगी गटात जातात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

नुसता आकडा बघून पैसे भरणं

सरकारी यात्रेचा खर्च 2025 साली लिपुलेखमार्गे सुमारे 1.74 लाख आणि नाथूलामार्गे 2.83 लाख रुपये होता. खासगी एजंट याहून कमी आकडा सांगतो तेव्हा मंडळ खूश होतं. पण तो आकडा सगळं सुरळीत पार पडलं तर लागणाऱ्या खर्चाचा असतो. परिक्रमेतला घोडा आणि पोर्टर बहुतेक वेळा त्यात धरलेले नसतात. त्यांचे पैसे दारचेनला, म्हणजे परिक्रमा सुरू होते त्या गावी, रोख युआनमध्ये (चिनी चलनात) द्यावे लागतात आणि तिकडे यूपीआय चालत नाही. काठमांडूचा माणूस फोनवर आकडा सांगत असेल तर तो आयसी की एनसी, म्हणजे भारतीय की नेपाळी, हे आधी विचारा. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी होतात, त्यामुळे हा गैरसमज चांगलाच महागात पडतो.

2026 हे तिबेटी पंचांगातलं अश्ववर्ष आहे. या वर्षातली एक परिक्रमा तेरा परिक्रमांच्या पुण्याची मानतात. पौर्णिमेच्या तारखांना तर आणखी गर्दी. त्यामुळे ‘पौर्णिमा स्पेशल’ म्हणून जास्त पैसे मोजण्यापूर्वी ते जास्तीचे कशाचे आहेत ते विचारून घ्या. माझ्या मते तिथीपेक्षा हवामानाची तारीख निवडणं शहाणपणाचं.

नावातला काना-मात्रा

आपल्याकडे आधारवर ‘सुमनबाई’, मतदार कार्डावर ‘सुमन’ आणि पासपोर्टवर आणखी तिसरंच, हे घरोघरी आहे. गावात त्याने काही अडत नाही, तिबेटच्या सीमेवर मात्र अडतं. इथे व्हिसा गटाचा असतो: एका कागदावर सगळ्यांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक. शिवाय तिबेटचा परवाना वेगळा, तोही एजन्सीमार्फतच मिळतो, एकट्याला नाही. त्यामुळे एजंटला आधार पाठवू नका, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा स्वच्छ फोटो द्या. व्हिसा हातात आला की काठमांडू सोडण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि क्रमांक स्वतः वाचून बघायचा. चूक तिथे दुरुस्त होऊ शकते, सीमेवर पोचल्यावर नाही.

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसाच्या कामासाठी तो काही दिवस दुसऱ्याच्या हातात राहतो, म्हणून मतदार कार्ड मूळ प्रतीसह सोबत ठेवा. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही आणि जमिनीवरून जाताना मतदार कार्ड चालतं. प्रौढांनी नुसत्या आधारवर विसंबू नये.

आणखी दोन अडचणी. चीनमधल्या कँटन फेअर या व्यापारी जत्रेला जाणाऱ्या आपल्या पाइपवाल्या व्यापाऱ्यांकडे चीनचा आधीचा, मुदत शिल्लक असलेला व्हिसा असतो. काठमांडूला गटाचा व्हिसा काढला की तो आधीचा सहसा रद्द होतो, म्हणून एजंटला आधीच सांगा. आणि अमेरिकेतला भाचा परदेशी पासपोर्टवर येणार असेल तर त्याला नेपाळचाही व्हिसा लागेल. 15 दिवसांचे 30 डॉलर पडतात, आणि त्याचे कागद वेगळे चालवावे लागतात.

मधूनच कोणी परतलं तर?

हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि सगळ्यात मोठा खर्च यातच निघतो. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 200 मीटरवर, दारचेन सुमारे 4,600 वर आणि परिक्रमेतली सगळ्यात उंच डोल्मा खिंड 5,600 च्याही वर. विरळ हवेचा त्रास धडधाकट नानांनाही होतो. सरकारी यात्रेत वय 70 पर्यंत, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 25 च्या आत आणि दिल्लीत वैद्यकीय तपासणी, अशी चाळणी असते. खासगी गटात बऱ्याचदा फक्त फॉर्म भरून घेतात.

गटाचा व्हिसा असल्याने सगळ्यांनी एकत्र जायचं आणि एकत्र यायचं. एकाला खाली उतरवायचं तर वेगळी परवानगी, वेगळी गाडी, सोबत माणूस. हेलिकॉप्टर मिळतं ते नेपाळच्या हद्दीत आल्यावरच. म्हणून ‘मध्येच परतणाऱ्याचा खर्च कोणाचा?’ हे बुकिंगआधी लेखी घ्या. विम्यात किती उंचीपर्यंतचा त्रास धरलाय तेही वाचा. साध्या प्रवास विम्याची मर्यादा खूप खालीच संपते.

सीमेवर अडकलात तर

2015 च्या भूकंपानंतर नेपाळ-तिबेट सीमेवरची कोदारीची वाट कित्येक वर्षं बंद राहिली आणि बराचसा भार केरुंगवर आला. 8 जुलै 2025 च्या पुरात केरुंगच्या वाटेवरचा, सीमेवरच्या रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून गेला. असं झालं की मुक्काम वाढतो, आणि पैसे कोण देणार यावर गाडीतच भांडण लागतं. माणशी तीन-चार दिवसांचे पैसे वेगळे काढून ठेवा, मंडळाच्या एकाच पिशवीत नको.

पलीकडे चिनी घड्याळ चालतं, नेपाळच्या सव्वादोन तास पुढे. नेपाळी वेळेने दुपारी चारला पोचलात तर तिकडे सव्वासहा वाजलेले असतात. मग रात्र नेपाळच्या बाजूला स्याफ्रुबेंसीत काढा. तपासणीत बॅगा आणि फोनही बघतात. दलाई लामांचा फोटो किंवा पुस्तक घरीच ठेवा. व्हॉट्सॲप तिकडे सरळ चालत नाही, हेही घरच्यांना सांगून जा, नाहीतर इकडे उगाच घोर लागतो.

शेवटी पावतीचं. भारतातल्या एजन्सीकडून परदेशी पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे एजन्सीने आगाऊ गोळा केलेला आयकर, आकारतात. पैसे कोणाच्या खासगी खात्यावर टाकले तर त्याचा मागमूस राहत नाही. एजन्सीला पॅन द्या, पावती घ्या आणि आयकर खात्याच्या 26 ए एस या करनोंदीत रक्कम दिसते का बघा. ज्यांचं उत्पन्न फक्त शेतीचं आहे ते रिटर्न भरत नाहीत, त्यांचा हा पैसा तसाच पडून राहतो. तो परत हवा तर त्या वर्षाचा रिटर्न भरावा लागतो.