दहनघाटावर जाण्याआधी: नागपुरात कायदा काय मागतो

दहन लाकडावर करायचं, मोक्षकाष्ठावर (शेतातल्या काडीकचऱ्याच्या ठोकळ्यांवर) की गॅसदाहिनीत, हे घरच्यांनी ठरवायचं. कायदा पाहतो तो जागा आणि कागद. जागेचं सोपं आहे: अंबाझरी, मोक्षधाम, गंगाबाई, सहकारनगर, मानकापूर, जो घाट जवळ पडेल तो. शहराच्या हद्दीत स्वतःचा प्लॉट किंवा शेत असलं, तरी परवानगीशिवाय तिथे चिता रचता येत नाही.

लोक अडकतात ते कागदात. दवाखान्यात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४, दवाखानाच देतो. घरी झाला तर शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर तेच प्रमाणपत्र नमुना ‘४ अ’ वर देतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १० प्रमाणे या प्रमाणपत्राची फी घेता येत नाही. पण आजारात ज्यांनी तपासलंच नाही, ते डॉक्टर सही करणार नाहीत, आणि करूही नये. अशा वेळी सरळ मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांपैकी एक गाठा. शवविच्छेदन करावं लागेल म्हणाले तर वाद घालू नका.

अपघात, जळणं, विषबाधा, गळफास, किंवा नुसता संशय असला तरी आधी पोलीस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा होतो. देह ताब्यात मिळाल्याचा पोलिसांचा कागद हातात येईपर्यंत घाटावर निघू नका. घाईत दहन उरकलं तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका घरच्यांवरच येऊ शकतो.

पेसमेकर असेल तर तो दवाखान्यातच काढून घ्या. कॉलरच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, काडेपेटीहून लहान उंचवटा हाताला लागतो. आतली लिथियमची बॅटरी तापून फुटते; दाहिनीच्या आतल्या विटा तडकतात, जवळच्या कर्मचाऱ्याला इजा होऊ शकते. दाहिनीत प्लास्टिक, रबर, नायलॉनची साडी, नारळ असलं काही जाऊ देऊ नका. लाकडावर करायचं तर साधारण ३०० किलो लागतं. पावसाळ्यात ते ओलं निघालं की धूरच फार, दहन अर्धवट राहतं. मग वरून डिझेल ओतायची वेळ येते. ती येऊ देऊ नका, रचण्याआधीच लाकूड बदलून मागा.

नोंदणी मृत्यू जिथे झाला तिथे होते, दहन जिथे झालं तिथे नाही. उमरेडचा माणूस नागपूरच्या दवाखान्यात गेला आणि दहन गावी झालं, तरी दाखला नागपूर महापालिकेचाच. मुदत २१ दिवसांची. त्यानंतर मृत्यूपासून ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत लेखी परवानगी, वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. घाटाची पावती सांभाळून ठेवा, आणि नाव आधारवर आहे तसंच लिहून द्या: घाटावर ‘बबनराव’ आणि बँकेत ‘प्रल्हाद’ झालं की विम्याचे पैसे तिथेच अडतात.