गृह शाखेत नेमणूक झाली? शस्त्र परवान्याच्या टेबलाबद्दल थोडं

महसूल सहायक म्हणून नव्याने रुजू झालेल्यांना जिल्हाधिकारी कार्यालयाची गृह शाखा मिळाली की चेहरा उतरतो. तलाठी, मंडळ अधिकारी, सातबारा हे सगळं ऐकून माहीत असतं. बंदुकीच्या फायली मात्र कुणी शिकवलेल्या नसतात. मी मराठवाड्यात या टेबलावर बराच काळ काम केलंय. हे काम जीव लावून करण्यासारखं आहे.

आधी 1959 चा शस्त्र अधिनियम आणि 2016 चे शस्त्र नियम स्वतः वाचा. जुन्या टिपणीवरून नवी टिपणी उतरवू नका. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. वरातीत हवेत बार काढणं हा वेगळा गुन्हा ठरला, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना देताना हे समोरच्याला तोंडी बजावून सांगा.

अर्जांचं काम लवकर अंगवळणी पडतं. पोलिसांचा अहवाल, प्रशिक्षणाचा दाखला, शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसमधला युनिक क्रमांक, एवढं नीट पाहिलं की फाईल पुढे सरकते. किनवट, माहूरकडचे शेतकरी रानडुकरांपायी पीक संरक्षणासाठी अर्ज करतात. त्यांना एक गोष्ट जरूर सांगा: बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे, ती वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

खरं काम कळतं ते विक्रेत्याच्या दुकानात, साहेबांबरोबर तपासणीला गेल्यावर. दुकानदार चहा मागवतो, साठा नोंदवही पुढे करतो, बेरजा जुळलेल्या असतात. तेवढ्यावर उठू नका. कपाटातली एकेक बंदूक बाहेर काढायला लावा, ती रिकामी असल्याची खात्री दुकानदारालाच करायला सांगा आणि नंबर स्वतः वाचा. बाराबोर दुनाळी मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की नळ्यांच्या खालच्या अंगाला ठोकलेला नंबर दिसतो. जुन्या हत्यारावर तेल आणि मळ साचून 3 चा 8 वाटतो, म्हणून फडकं आणि बॅटरी सोबत ठेवा. मग काडतुसं मोजा. विक्री नोंदवहीतली चार-दोन नावं निवडून त्यांचे परवाने मागवा. दुकानदाराने लिहिलेली विक्री परवान्याच्या मागच्या पानावर चढलेली पाहिजे आणि काडतुसं परवान्यावरच्या मर्यादेत बसली पाहिजेत. या दोन ठिकाणी फरक निघाला तर तो तिथेच लिहून घ्या, सही घ्या. गावठी कट्टा पोलिस पकडतील. पण परवान्याच्या आडून कुठे काडतुसं मुरतायत का, हे आपल्या टेबलाशिवाय कोण बघणार?

फोन येतातच. कार्यकर्त्याला परवाना पाहिजे असतो, कारण काय तर 'जीवाला धोका'. 2025 च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात परवान्यांची मोठी छाननी होऊन अनेक परवाने रद्द झाले, तेव्हा आधी परवाने कशाच्या आधारावर दिले, हा प्रश्न सगळ्या राज्याने विचारला. तुमची टिपणी त्या प्रश्नाला पुरली पाहिजे. धोका म्हणजे कुठला, कुणापासून, पोलिसांनी त्यावर काय म्हटलंय, हे लिहा. नाकारायचं असेल तर कलम 14 प्रमाणे कारणं लेखी लागतात. अपील विभागीय आयुक्तांकडे जातं आणि बिनकारणाचा आदेश तिथे टिकत नाही.

निवडणुकीत हत्यारं जमा करायचा हंगाम येतो. सरसकट नोटिसा काढू नका, छाननी समिती ज्यांची नावं ठरवेल त्यांच्याच काढा. ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे ठेवलेल्या हत्याराची पावती मिळाली का, तेवढं बघा.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मुदत संपलेल्या परवान्यांची यादी काढा आणि ती पोलिस ठाण्यांकडून पडताळून घ्या. त्यात मयत परवानाधारक निघतात आणि बंदूक घरातच, कोठीच्या खोलीत पडून असते. पोरांच्या मनात वाईट नसतं, काय करायचं हेच त्यांना माहीत नसतं. त्यांना दमात घेऊ नका. आधी कलम 21 प्रमाणे हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला लावा, मग वारसाचा अर्ज आणि बाकीच्या वारसांची संमती घ्या. कुणालाच बंदूक नको असेल तर ती विकायची रीतसर वाट कोणती, तेही त्याच बैठकीत समजावून द्या.