नव्या फ्लॅनेलचे लंगोट ओल शोषत नव्हते

आईच्या जुन्या सुती साडीचे लंगोट पहिल्याच दिवसापासून ओल शोषत होते. मी हौसेने नव्या फ्लॅनेलचे चार पदरी शिवले, तर बाळाची शू मांडीवरून सरळ दुपट्यावर. पाण्याचा थेंब टाकून पाहिला. अळूच्या पानावर राहावा तसा गोल उभा!

दोन पदर वाढवले. कड आवळून पुन्हा शिवली. मऊ व्हावेत म्हणून कपड्यांच्या कंडिशनरमध्ये बुडवले, त्याने तर आणखीच बिघडलं. रात्री तीनला चौथ्यांदा दुपटं बदलताना रडू आलं.

दोष शिवणीत नव्हताच. नव्या कापडाची खळ, आणि त्यावर माझ्याच हाताने चढवलेला कंडिशनरचा थर. मग लंगोट रात्रभर साध्या पाण्यात भिजवले. सकाळी कडक गरम पाण्यात, एरवीच्या निम्मी पावडर घालून धुतले. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळले. चार पाण्यांतून काढावे लागले. उन्हात कडकडीत वाळवले. हेच आणखी दोनदा. तिसऱ्या धुण्यानंतर थेंब पडताक्षणी जिरला.

कापड इंचभर आटलं ते वेगळंच. पुढचे सहा बेतण्याआधीच कापड तीनदा धुऊन घेतलं.