गावाकडून विमानतळावर येणाऱ्यांसाठी
यवतमाळ-गडचिरोलीकडच्या खेड्यांतून एसटीचे धक्के खात शहरातल्या विमानतळावर पोहोचल्यावर अपुऱ्या खुर्च्या आणि महागडा चहा पाहून हिरमोड होतो. म्हणून ज्वारीची भाकरी आणि गूळ-शेंगदाणे सोबत बांधून घ्यावेत, तेलकट लोणचे मात्र काउंटरवर द्यायच्या सामानात घालावे आणि पाण्याची बाटली तपासणीपूर्वी रिकामी करून आत गेल्यावर भरावी. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाच्या विमानाला २ तासांहून अधिक उशीर होणार असेल आणि आपण वेळेत चेक-इन केले असेल, तर चहा-नाश्ता देणे विमान कंपनीवर बंधनकारक आहे. तो संकोच न करता मागावा, कारण ही मेहेरबानी नव्हे. देशांतर्गत विमानाला ६ तासांहून अधिक उशीर असल्यास दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो, त्यासाठी उशिराचा संदेश मोबाइलमधून पुसू नये.