पासवर्ड मॅनेजरमध्ये डेटा कसा आणावा आणि बॅकअपमधून परत कसा मिळवावा

नाशिकला पुरात गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलं की भांडी बाजारातले दुकानदार आधी वह्या आणि कॉम्प्युटर वर उचलतात. काकांच्या दुकानाचे जीएसटी, वीजबिल, बँक असे सगळे पासवर्ड त्याच कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये होते. ते आम्ही बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, हलवले. काम अर्ध्या तासाचं आहे, पण एका बैठकीत आणि स्वतःच्याच मशीनवर करा, सायबर कॅफेत अजिबात नको. मध्ये जी फाइल तयार होते तिच्यात प्रत्येक पासवर्ड उघडा लिहिलेला असतो.

आधी बिटवॉर्डनवर नवं खातं उघडा. मास्टर पासवर्ड, म्हणजे हे खातं उघडणारा मुख्य पासवर्ड, लांबलचक ठेवा आणि कागदावर लिहून कपाटात, दागिन्यांच्या डब्यापाशी ठेवा. तो विसरलात तर कंपनीही काढून देऊ शकत नाही, कारण तो तिच्याकडे नसतोच.

मग क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये सेटिंग्जमधून एक्सपोर्ट करा. सीएसव्ही फाइल, म्हणजे साध्या मजकुरातली यादी, मिळेल. ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका! काकांनी ‘बघू तरी’ म्हणून केली, आणि दोन शून्यांनी सुरू होणाऱ्या एका पासवर्डची शून्यंच उडाली. एक्सेल त्याला साधा आकडा समजतं. आम्हाला पुन्हा एक्सपोर्ट करावं लागलं. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये बघा.

आता बिटवॉर्डनच्या साइटवर टूल्समध्ये ‘इम्पोर्ट डेटा’ उघडा, फॉरमॅट म्हणून क्रोम निवडा, फाइल द्या. इम्पोर्ट एकदाच करा; दुसऱ्यांदा केलंत तर प्रत्येक नोंद दोनदा दिसेल. चार-पाच साइटवर खरोखर लॉगिन करून बघा. पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या लॉकने लॉगिन करायची सोय) मात्र सीएसव्हीतून येत नाहीत, त्या त्या साइटवर नव्याने कराव्या लागतात. सगळं जुळलं की सीएसव्ही डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामं करा.

बॅकअपसाठी बिटवॉर्डनमधून एन्क्रिप्टेड जेसन, म्हणजे कुलूपबंद फाइल, एक्सपोर्ट करा. तिथे दोन पर्याय येतात. ‘अकाउंट रिस्ट्रिक्टेड’ फाइल फक्त त्याच खात्यात उघडते; खातंच गेलं तर ती काही कामाची नाही. म्हणून ‘पासवर्ड प्रोटेक्टेड’ घ्या, त्यात फाइलला स्वतःचा वेगळा पासवर्ड द्यायचा असतो. नोंदींना जोडलेल्या फाइल या जेसनमध्ये येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवून ठेवा.

परत आणायची वेळ आली तर आधी ट्रॅश बघा, डिलीट झालेली नोंद तिथे 30 दिवस असते. एका नोंदीसाठी अख्खा बॅकअप भरलात तर सगळ्याच्या दुहेरी नोंदी होतील. सगळंच गेलं असेल तर रिकाम्या खात्यात त्याच इम्पोर्टमधून बिटवॉर्डन जेसन निवडा आणि फाइलचा पासवर्ड द्या. हे आजच, दुसरं एखादं फुकट खातं काढून करून बघा. आम्ही केलं तेव्हा कळलं, काकांनी फाइलचा पासवर्ड कागदावर एक अक्षर चुकवून लिहिला होता.

बॅकअपची फाइल ठेवलेला पेनड्राइव्ह आता भांडी बाजारात नसतो, सिडकोत आत्याकडे असतो.