कुलमुखत्यारपत्र असूनही घराची विक्री अडली होती, असं सुटलं (माझा अनुभव)

आईचं घर विकायचं होतं, माझ्या नावाने कुलमुखत्यारपत्र (तिच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) होतं, तरी कागद दर वेळी परत, "यावर विक्री होणार नाही". आधी पुन्हा नोटरी केलं, मग साक्षीदार बदलले, फरक शून्य. डोक्याला नुसता ताप.

घोळ मजकुरात होता. वर नाव मोठं, पण आत फक्त "देखभाल व व्यवस्थापन", म्हणजे भाडं घ्या, टॅक्स भरा, विक्रीचा शब्दच नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते ओढूनताणून धरत नाहीत.

मग आधी जिथे कागद द्यायचा तिथेच विचारलं की कुठले अधिकार शब्दात हवेत. त्यावरून वकिलाकडून विशेष मुखत्यारपत्र (ठरावीक कामापुरतं) केलं, त्यात घराचं पूर्ण वर्णन, आणि विकणं, करारावर सही करणं, पैसे घेणं हे तिन्ही वेगवेगळं लिहिलं. मग आईची सही, साक्षीदार, नोंदणी, आणि जाताना मूळ प्रत नेली, झेरॉक्स नाही. त्याच दिवशी त्यांनी कागद स्वीकारला.

आणि हो, साधं मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की सहसा संपतं, बऱ्याच देशांत त्याला समजेनासं झालं तरी संपतं. समजेनासं झाल्यावरही चालणारा ड्युरेबल प्रकार काही ठिकाणी असतो, पण तो माणूस शुद्धीत असतानाच करावा लागतो.